कुशीतले हात

हातमोजा घातल्यावर अनुसयाला आधी हसूच आलं. कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ मोजा, आतून नखंसुद्धा दिसत होती. बोटांच्या पेरांवर आणि तळव्यावर मुंगीएवढे करडे ठिपके होते.

"दोन्ही हातांत मिळून चारशे ठिपके आहेत, मावशी," डॉ. तन्वीर मोमीन म्हणाले. "तुम्ही किती दाबता, किती वेगानं हात फिरवता, कुठं थांबता, सगळं टिपतील. तुम्ही फक्त रोज लावता तसं तेल लावा."

"मोजा घालून? लेकराला कळतंय की, डॉक्टरसाहेब."

"कळतंय का, तेच तर बघायचंय."

अनुसया सोनटक्के तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होती. बार्शीत बाळंतिणींना आणि तान्ह्या लेकरांना तेल लावून न्हाऊ घालायचं काम ती सासूच्या हाताखाली शिकली होती. नवरा लवकर गेला. त्यानंतर याच कामावर तिने एकुलत्या एका मुलीला, प्रांजलीला, वाढवलं. पहाटे पाचला ती घराबाहेर पडायची. सकाळभरात सात-आठ घरं व्हायची.

डॉ. मोमीन सोलापूरच्या एका रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर काम करत. त्यांनी जिल्ह्यातून तेवीस जणी गोळा केल्या होत्या. त्यात नर्स होत्या, सुइणी होत्या, अनुसयासारख्या तेल लावणाऱ्या बायका होत्या. सात महिने त्या आळीपाळीने येऊन काचेच्या पेटीतल्या त्या मूठभर जिवांना तेल लावत होत्या, आणि बाजूच्या पडद्यावर बाळांच्या हृदयाचे ठोके उमटत होते.

एकदा चहा पिताना डॉक्टरांनी तिला समजावून सांगितलं. कातडीत दोन तऱ्हेच्या नसा असतात. जाड नसा झटपट काम करतात. काय टोचलं, काय भाजलं, खरखरीत आहे की गुळगुळीत, ते त्या मेंदूला तत्काळ कळवतात. दुसऱ्या नसा फार बारीक आणि संथ. काय लागलं याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. शरीराइतकाच उबदार हात सेकंदाला तीन ते पाच सेंटिमीटर अशा सावकाश वेगाने फिरला, की त्या जाग्या होतात आणि मेंदूला एवढंच कळवतात की इथे भीती नाही. मग मेंदूतून छातीत आणि पोटात उतरणारी एक लांब नस कामाला लागते. हृदय शांत होतं, आतडी हालू लागतात, रक्तातलं ताणाचं रसायन उतरतं.

"दमून आलेल्या माणसाला चांगली मालिश झाली की झोप लागते ना, ती यामुळंच," डॉक्टर म्हणाले. "आपल्याला झोप लागते, एवढंच. पण नऊशे ग्रॅमच्या बाळाकडं ताकदच केवढी! ती भिण्यात गेली तर वाढण्यासाठी काही उरत नाही. भीती गेली, की दूध अंगी लागतं."

तेवीस जणींमध्ये अनुसयाच्या हाताखालची बाळं सगळ्यांत लवकर शांत होत. यंत्राने त्याचं कारणही शोधलं. बाळ श्वास सोडायचं तेव्हा तिचा हात अर्धा क्षण थांबायचा आणि मगच पुढे सरकायचा. आपण असं करतो, हे तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

दोन वर्षांनी 'कुशी' तयार झाली. पारदर्शक पेटी, आत सायीसारखी मऊ गादी आणि वरून अलगद उतरणारं पांघरूण. गादीत नि पांघरुणात हजारो इवलेसे फुगे होते. ते हवेने भरत आणि रिकामे होत. बाळाला मात्र वाटे, आपल्या पाठीवरून, पायांवरून दोन कोमट हात फिरताहेत. ते हात अनुसयाचे होते. दर तासाला पंधरा मिनिटं, अहोरात्र, एकही चूक न करता.

उद्घाटनाला तिला बोलावलं, शाल दिली. काचेतून तिने पाहिलं. एवढंसं लेकरू हातपाय सैल सोडून झोपलं होतं आणि पांघरुणावर लाट उठत होती. बार्शीला परतताना ती एसटीत शेजारच्या अनोळखी बाईला म्हणाली, "माझं हात आता सोलापुरात ऱ्हात्यात."

कुशीने खरोखर जीव वाचवले. बाळांची वजनं झपाट्याने वाढू लागली, ती आठ-दहा दिवस आधी घरी जाऊ लागली. पूर्वी जी हाती लागत नव्हती, तीही तगू लागली. चार-पाच वर्षांत राज्यातल्या मोठ्या रुग्णालयांमधून कुशी आल्या, मग शेजारच्या राज्यांतही गेल्या.

*

सारिका घुले भूमहून आली ती सकाळी नऊच्या सुमाराला. अनुसया नुकतीच दोन घरं करून परतली होती. सारिकाच्या कडेवर आठ महिन्यांचा मुलगा होता. कडेवर म्हणायचं एवढंच. त्याने आईच्या अंगाला अंग लागू नये म्हणून पाठ धनुष्यासारखी मागे ताणली होती, आणि तो रडत होता.

"अनुसया मावशी तुम्हीच ना? सोलापूरच्या दवाखान्यातल्या एका नर्सबाईनं तुमचं नाव सांगितलं. सांगायला नको होतं म्हणे, पण माझी दशा बघून सांगितलं." तिचा आवाज बसला होता. "अकरा आठवडे कुशीत होता हा. घरी आणल्यापासून माझ्या मांडीवर एकदा झोपला नाही. मी हात लावला की असा ताठ होतो. बापाला, आजीला, कुणालाच हात लावू देत नाही. डॉक्टर म्हणतात, दुखत काही नाहीये त्याला."

अनुसयाने हात धुतले, वाटीत खोबरेल कोमट केलं. पाय पसरून बसली नि लेकराला पायांवर घेतलं. पोटरीपासून हात वर नेला. दुसऱ्या फेरीला रडणं थांबलं. तिसऱ्या फेरीला मुठी उघडल्या. मिनिटभरात त्याचा श्वास लांब झाला आणि मान कलंडली. लेकरू झोपलं.

"झोपलं बघ," अनुसया हसून म्हणाली आणि तिने वर पाहिलं.

सारिका भिंतीला टेकून उभी होती. तिच्या तोंडावर आनंद नव्हता.

"नऊ वर्षं वाट बघितली मी याची," ती म्हणाली. "काय काय उपचार केले. आणि हा तुमचा झाला."

"असं काय बोलतीस, बाई? लेकरू तुझंच हाय."

"मग मला का नाही झोपत?"

लेकरू तासभर झोपलं. सारिकाने ते उचलून घेतलं तसं ते जागं झालं, ताठ झालं आणि पुन्हा रडू लागलं. गल्लीच्या टोकापर्यंत ते रडणं ऐकू येत होतं.

पुढच्या आठवड्यात चौघी आल्या. मग रोजच येऊ लागल्या. लातूरहून, करमाळ्याहून, एक तर थेट कलबुर्गीहून. सकाळी दार उघडलं की ओट्यावर बायका बसलेल्या असत. अनुसयाने बार्शीतली घरं सोडली. दिवसाला दहा, कधी चौदा लेकरं. कोणीही आलं तरी तेच व्हायचं. लेकरू तिच्या हातात विरघळायचं, आई बघत राहायची, आणि उंबरा ओलांडला की रडणं पुन्हा सुरू.

अनुसयाने फोन करून डॉ. मोमीनना बोलावून घेतलं. ते आले. केस निम्मे पांढरे झाले होते त्यांचे. ओट्यावरच्या बायकांकडे त्यांना वर मान करून बघवेना.

"आमचं चुकलं कुठं, ते आता कळतंय," ते आत येऊन म्हणाले. "नऊ महिने भरून जन्मलेल्या बाळाला पहिल्या दिवसापासून दहा जणांचे हात लागतात. आईचा थकलेला, आजीचा खरखरीत, बापाचा घाबरलेला. त्याचा मेंदू शिकतो, की हात वेगवेगळे असले तरी भीती नाही. या बाळांच्या मेंदूची ती शिकायची वेळ कुशीत गेली. एकच स्पर्श, केसाएवढाही फरक नाही. मेंदूनं ठरवून टाकलं, हा एक तेवढा आपला. बाकी सगळे परके. आईनं हात लावला की त्यांच्या रक्तात ताण चढतो, आम्ही मोजलाय."

"मग कुशीत थोडा फरक घाला की. कधी माझं हात, कधी दुसरीचं."

"घालून पाहिला, मावशी. फरक घातला की वजन वाढायचं थांबतं. ज्या सारखेपणामुळं ती जगतात, त्याच सारखेपणामुळं…" डॉक्टरांनी वाक्य सोडून दिलं. "सहा आठवड्यांच्या आत बाहेर काढलं तर बहुतेक बाळं सुधारतात. त्यापुढं राहिलेल्यांतली काही दोन-तीन वर्षांनी सैल पडली. काही नाही. आमचं सगळ्यांत मोठं मूल आज सहा वर्षांचं आहे. पुढचं मलाही ठाऊक नाही."

"बंद करा मग."

"बंद केलं तर ती मरतात."

बाहेर कुणाचं तरी लेकरू रडत होतं. अनुसया उठली आणि हात धुवायला गेली.

*

अनुसयाच्या अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं ते त्याच वर्षी. मग बोटांची पेरं सुजली. सकाळी मूठ वळेना. ती गरम पाण्यात हात धरून बसायची आणि मग कामाला लागायची. एक दिवस उमरग्याच्या एका बाईची मुलगी तिच्या पायांवर होती. एक फेरी झाली, दुसरी झाली, पाचवी झाली. लेकरू शांत होईना. अनुसयाने पुन्हा तेल कोमट केलं, पुन्हा सुरुवात केली. मुलगी तिच्या हातातही ताठच राहिली.

डॉक्टरांनी पुन्हा तो मोजा आणला. पडद्यावर दोन रेषा उमटल्या, एक जुनी, एक आजची.

"दाब कमी झालाय," ते हळूच म्हणाले. "आणि तुम्ही थांबता तेव्हा आता जरा जास्त थांबता. दुखतं म्हणून. आपल्याला कळणारही नाही एवढा फरक आहे. त्या मुलांना कळतो."

"म्हंजी?"

"कुशीत तुमचे आठ वर्षांपूर्वीचे हात आहेत, मावशी. ते तसेच राहिले."

दुसऱ्या दिवशी अनुसयाने ओट्यावरच्या बायकांना सांगितलं, आता माझ्यानं होत नाही. त्यांनी ऐकलं नाही. एकीने तिचे पाय धरले. "एकदा लावून बघा, मावशी, एकदाच." तिने लावून पाहिलं. कधी जमायचं, बहुतेक वेळा नाही. महिन्याभरात ओटा रिकामा झाला. गल्लीत शांतता झाली, पण तिच्या कानातलं ते रडणं जाईना.

*

प्रांजली सोलापुरात कॉलेजात गणित शिकवायची. नवरा केदार तिच्याबरोबरच नोकरीला. दिवस गेल्याचं तिने फोनवर सांगितलं तेव्हा अनुसया म्हणाली, "चांगलं झालं, माझे बाई. मी येते तुझ्याकडं."

"ये. पण एक सांगते, आई. माझ्या बाळाला तेल मीच लावणार. तू शिकव मला, पण लावणार मी."

"माझं हात तरी कुठं चालत्यात आता!"

"त्यासाठी नाही गं. मी उठायचे तेव्हा तू घरात नसायचीस. अख्ख्या बार्शीतली पोरं तुझ्या पायांवर झोपायची. मी शेजारच्या काकूंकडून वेणी घालून घ्यायचे. तुझी काही चूक नव्हती, कळतंय मला. पण माझ्या बाळाचं असं नको."

ते सगळं खरं होतं, हे अनुसयाला ठाऊक होतं.

अठ्ठाविसाव्या आठवड्यात प्रांजलीचा रक्तदाब एकाएकी चढला आणि पोट फाडून बाळ काढावं लागलं. मुलगी. नऊशे चाळीस ग्रॅम.

डॉ. मोमीननी कुशीचं विचारण्याआधीच अनुसया म्हणाली, "पहिल्यांदा मी लावते. मला लावू द्या."

डॉक्टरांनी परवानगी दिली. दिवसातून चार वेळा ती कोपरापर्यंत हात धुऊन पेटीपाशी उभी राहायची. दुखणं कळू नये म्हणून आधी गोळी घ्यायची. नात तिच्या एका तळव्यात मावत होती. अनुसया सगळं आठवून करू पाहायची, कुठे थांबायचं, किती दाबायचं. पण जे कधी ठरवून केलं नव्हतं, ते ठरवून जमेना. पडद्यावरचे ठोके वर-खाली होत. दूध पचत नव्हतं. प्रांजलीने छातीशी धरून पाहिलं, तर पंधरा मिनिटांत बाळाचा श्वास अडकला आणि नर्सने धावत येऊन ते परत पेटीत ठेवलं. पाचव्या दिवशी वजन आठशे ऐंशी भरलं.

दुपारी डॉक्टर प्रांजलीच्या खाटेपाशी आले. केदार उशाशी उभा होता.

"आज ठरवायला हवं," डॉक्टर म्हणाले. "कुशीत ठेवलं तर ती जगेल असं मला वाटतं. मी सहा आठवड्यांच्या आत बाहेर काढायचा प्रयत्न करीन. शब्द देऊ शकत नाही."

प्रांजलीने आईकडे पाहिलं. सारिकापासून उमरग्याच्या बाईपर्यंत सगळ्यांची हकिगत तिला माहीत होती. अनुसयाने तिला फोनवर एकेक सांगितली होती.

"आई, तू सांग."

"मी काय सांगू, पोरी?"

"तूच सांग. तुलाच माहितीये. तू म्हणशील ते करू."

अनुसया खिडकीकडे बघत राहिली. बाहेर कुणीतरी जेवणाचा डबा घेऊन घाईघाईने जिना चढत होतं. तिला सारिकाचं तोंड आठवलं. मग तळव्यातलं ते वजन आठवलं, आज कालच्यापेक्षा हलकं लागलेलं.

"ठेव," ती म्हणाली.

केदारने सही केली.

तिसऱ्या दिवसापासून वजन चढू लागलं. प्रांजली काचेपलीकडून बोट दाखवून आईला आकडे सांगायची. नऊशे वीस, नऊशे ऐंशी, मग एक किलो. सगळेच दिवस मोजत होते. पाचव्या आठवड्याच्या शेवटी बाळ बाहेर काढायचं ठरलं, आणि त्याच सकाळी त्याला ताप भरला. रक्तात जंतू सापडले. डॉक्टर म्हणाले, आता बाहेर काढता येणार नाही. ताप उतरायला दहा दिवस लागले, गेलेलं वजन भरून यायला त्याहून जास्त. एकूण नऊ आठवडे झाले.

घरी आणायच्या दिवशी प्रांजलीने नवी साडी नेसली होती. नर्सने बाळ तिच्या हातात दिलं. बाळाने डोळे उघडले, पाठ ताणली, आणि रडायला सुरुवात केली. प्रांजलीने ते केदारकडे दिलं. मग अनुसयाकडे. मग परत स्वतःकडे घेतलं. लिफ्टमध्ये कोणी कोणाकडे पाहिलं नाही.

*

रुग्णालयाने वर्षभरासाठी घरी वापरायची छोटी कुशी दिली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं की ती कमीत कमी वापरा, आईचे हात रोज लावा, दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. प्रांजली भिंतीवर तक्ता लावून तसं करायची. अनुसया शेजारी बसून सांगायची, "पोटरीपासून वर घे. घाई नको. आता थांब." प्रांजली सगळं बरोबर करायची. तिचे हात चांगले होते, उबदार नि हलके. बाळ, तिचं नाव त्यांनी ओवी ठेवलं होतं, चौदा-चौदा मिनिटं ताठ होऊन रडायचं आणि शेवटी धाप लागून निळं पडायला आलं की प्रांजली त्याला कुशीत ठेवायची. पांघरूण उतरायचं. पहिली लाट यायच्या आत रडणं थांबायचं.

तीन महिने गेले. केदार कामावर जायला लागला. प्रांजली जेवायची विसरायची, बोलताना मध्येच थांबायची. खांदे कानाला टेकल्यासारखे वर चढलेले असायचे. रात्री तर नाहीच, दिवसाही तिला झोप नव्हती. "डोळे मिटले की अंग दचकतं गं," असं ती म्हणायची.

एका दुपारी ओवी वीस मिनिटं रडली. प्रांजलीने तिला कुशीत ठेवलं. दुपटं पायाखाली गोळा झालं होतं, ते सारखं करायला तिने पेटीच्या फटीतून हात आत घातला. तेवढ्यात पांघरूण उतरलं आणि लाट ओवीच्या पायांवरून निघून प्रांजलीच्या मनगटावर चढली, कोपरापर्यंत गेली, अर्धा क्षण थांबली, परत खाली आली.

प्रांजलीने हात काढला नाही.

अनुसया दारातून बघत होती. पोरीने खुर्ची ओढली, बसली, डोकं पेटीच्या काचेला टेकवलं. लाट पुन्हा आली. तिचे वर चढलेले खांदे हळूहळू खाली उतरले. जबडा सैल पडला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिने लांब श्वास सोडला. आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पण त्या रडण्याला आवाज नव्हता, हुंदका नव्हता.

"आई," ती डोळे न उघडता म्हणाली, "असे होते तुझे हात?"

अनुसया दारातूनच म्हणाली, "मला कुठं ठाऊक, पोरी. मी कुठं माझ्याच हाताखाली होते."

आत ओवी झोपली होती. दोघींच्या अंगावरून तेच हात सावकाश फिरत होते.

अनुसया दोन पावलं पुढे आली. "ऊठ. पालथी पड जरा पलंगावर. तुझ्या पाठीला लावते मी. तेल गरम करते."

"नको गं आई." आवाजात चीड नव्हती, आढेवेढे नव्हते. माया होती, आणि झोप होती. "तुझे हात दुखतील."

"न्हाई दुखत. लावते की."

"बस तू. मी आहे इथं थोडा वेळ."

अनुसया बसली नाही. जराशाने प्रांजलीचा श्वास ओवीच्या श्वासासारखाच लांब झाला. तिला झोप लागली होती. तिचा हात आतच होता.

चार वाजता ओवीला दूध द्यायचं होतं. बाटल्या उकळायच्या राहिल्या होत्या. अनुसया पाय न वाजवता स्वयंपाकघरात गेली. पातेल्याचा काठ धरायला अंगठा वळेना, म्हणून तिने ते दोन्ही तळव्यांमध्ये दाबून धरलं आणि सावकाश गॅसवर ठेवलं.